बायच्या काठावरच्या मेढी

कट्टा नावाच्या बाजाराच्या गावी माझं पंप-मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण झाडं-पाणी-पाखरं यांतलं मला जन्मजात काही कळत होतं असा कोणाचा समज व्हायला नको. मला तांब्याची तार कळते आणि जळालेल्या कॉईलचा वास कळतो. झाडांच्या नादी मी लागलो तो निव्वळ रागापोटी. एका उन्हाळ्यात आमच्या नदीच्या कोंडीत, म्हणजे खोल डोहात, कोणीतरी ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारले. बोटभर पिल्लंसुद्धा पांढरी पोटं वर करून तरंगत होती. दुकान बंद करून घरी जाताना मी ते पुलावरून बघितलं आणि तिथंच स्कूटर लावून, मारणारा समोर नसताना, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ऐकायला बरीच माणसं जमली. त्यांत एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते. माझा दम संपल्यावर ते म्हणाले, “गाळी देवन मासे जिते होवचे नाय. रविवारी सकाळी हंय ये. काय करूक येता ता बघया.”

आमच्या गटाचा जन्म हा असा. कंडक्टर, अंगणवाडीच्या एक ताई, कॉलेजातली चार पोरं आणि मी. नोंदणी नाही, अध्यक्ष नाही, नावसुद्धा नाही. गावात आम्हाला ‘झाडवाले’ म्हणायचे, तेही जरा हसून. रविवारी नदीतलं प्लास्टिक काढायचं, कोंडीवर लक्ष ठेवायचं, काठावर आपल्याकडची झाडं लावायची, एवढाच उद्योग. माझ्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत दुधाच्या पिशव्यांत आम्ही रोपं करायचो. किंजळ, जांभूळ, उंडील, ओवळ. पंप दुरुस्तीला आलेलं गिऱ्हाईक तार जोडून होईपर्यंत माझं व्याख्यान ऐकून घ्यायचं, कारण त्याला दुसरा इलाज नसायचा.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. आमच्या गावच्या काठावर आम्ही लावलेली झाडं फारशी जगली नाहीत. काही शेरडांनी खाल्ली, काही गवत कापताना कोयतीखाली गेली, काही आम्हीच विसरलो. आमचं खरं काम उभं होतं ते पलीकडच्या काठावर, बायच्या जमिनीत.

बाय म्हणजे माझी मोठी बहीण. तिला नदीपलीकडच्या गावात दिली आहे. नदी हीच दोन गावांची शीव, त्यामुळे तिचं सासर तसं हाकेच्या अंतरावर. भावोजी गोव्याला हॉटेलात कामाला, महिन्याकाठी घरी येणार. घरची शेती बाय आणि तिचा दीर बघतात. दीर कष्टाळू माणूस, बोलणं मोजकं. शेत आणि नदी यांच्यामध्ये त्यांची एक लांबट पट्टी होती, झुडपांनी भरलेली. ती साफ करून तिथं काजूची कलमं लावायची असं दिराच्या मनात फार दिवस होतं. त्यात चुकीचं काही नव्हतं, सगळेच लावतात. पण मी एकदा त्यांच्या पडवीत बसून, नदी दरवर्षी शेताचा घास कसा घेते आणि काठावरचं रान तो कसा वाचवतं, यावर तोंडाला फेस येईपर्यंत बोललो. दिरानं ऐकून घेतलं आणि चहाचा कप खाली ठेवून तो गोठ्यात निघून गेला. बायनं मात्र ते मनावर घेतलं.

तिनं ती पट्टी अडवून धरली. घरात तिचं कोण ऐकणार? पण तिनं दिराला सांगितलं, “माझो भाव सांगता ता खोटा आसाचा नाय.” आमच्याकडची रोपं तिनं टोपलीत घालून डोक्यावरून नेली. पहिले दोन उन्हाळे नदीतून कळशीनं पाणी घातलं. गवत कापणाऱ्या बायकांची कोयती चुकून फिरू नये म्हणून प्रत्येक रोपाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. कोणी पाहुणे आले, कॉलेजचे विद्यार्थी आले, वनखात्याचा कोणी साहेब आला की आम्ही त्यांना होडीतून पलीकडे न्यायचो आणि बायचा काठ दाखवायचो. बाय सगळ्यांना चहा करायची. दीर लांबून म्हणायचा, “ती भावाची झाडां,” आणि त्यात थोडी कुचेष्टा असायची. मग एका पावसात नदी अशी फुगली की शेजाऱ्याच्या शेताचा कोपरा रातोरात गेला, आणि यांचा बांध जागचा हलला नाही. त्यानंतर दीर बाजारात सांगू लागला, “आमच्या वयनीन धरून ठेवल्यान म्हणान रवला.” बायनं मला हे सांगितलं तेव्हा ती चुलीकडे तोंड करून सांगत होती, पण तिचे कान लाल झाले होते. सासरी येऊन पंचवीस-तीस वर्षं झाल्यावर तिच्या शब्दाला घरात पहिल्यांदा वजन आलं होतं.

आता गावपळणीकडे येतो. आमच्या भागातल्या काही गावांत ही रीत आहे. दर काही वर्षांनी ग्रामदेवतेला कौल लावतात, म्हणजे देवाला विचारतात, आणि देवाचा होकार आला की सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री गावाबाहेर. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. तेवढे दिवस गाव देवाचा. एकदा शीव ओलांडली की मागे फिरायचं नाही. मीठ विसरलं तरी नाही, चष्मा विसरला तरी नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा आणि देवानं परवानगी दिली की घरी यायचं. लोक शिवेबाहेर झोपड्या बांधून राहतात. फुगड्या, भजनं, पत्ते, नदीत मासे. मुंबईहून चाकरमानी खास रजा काढून येतात. लहानपणापासून मला याच्याएवढा दुसरा कुठलाच सण आवडला नाही.

पण मागच्या गावपळणीनंतर आम्ही झाडवाले कित्येक महिने निळ्या ताडपत्रीच्या चिंध्या आणि थर्माकोलच्या पत्रावळी नदीकाठच्या मुळांतून ओढून काढत होतो. त्यामुळे यंदा कौल झाल्याचं कळताच मी उठलो आणि कामाला लागलो. यंदाची गावपळण प्लास्टिकशिवाय! मानकऱ्यांकडे गेलो. म्हटलं, देवाच्या कामाक प्लास्टिक कित्याक? त्यांना ते पटलं. घरोघरी फिरलो, चाकरमान्यांच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकले. जुन्यासारख्या झोपड्या बांधा, माडाच्या झावळ्या आणा, घरचे बांबू आणा. लोकांनी अंगठे पाठवले, हात जोडलेले पाठवले. एकजण म्हणाला, तुम्ही गावाला दिशा दिली. मी तो मेसेज बायकोला दाखवला. ती म्हणाली, “आपल्याकडे बांबू खंय आसत?” मी म्हटलं, बघू.

खरं तर बांबू कोणाकडेच नव्हते. घरं स्लॅबची झाली, मांडव डेकोरेशनवाला घालतो, गोठ्यावर पत्रे चढले. झावळ्या लोकांनी आणल्या, पण झावळी उभी राहते ती कशावर, हे मेसेज टाकताना माझ्या डोक्यात आलं नाही. मला ते यायला हवं होतं. माझा जन्म वस्तू कशावर उभी राहते हे बघण्यात गेला आहे.

गाव सुटण्याच्या दिवशी ढोल वाजले आणि आमची वाडी नदी उतरून पलीकडच्या मळ्यात गेली. दर वेळी आम्ही तिथंच उतरतो. तिथून बायचं घर चालत थोडंसंच. सामान उतरतंय तोवर चाकरमान्यांची गाडी थेट शिवेवर येऊन थांबली. टपावर नव्याकोऱ्या ताडपत्र्यांची भेंडोळी. मी आडवा झालो. एक तरुण, आमच्याच वाडीतला, चांगला शिकलेला, म्हणाला, “काका, मग पोरांना घेऊन झोपायचं कशात? आता गावात परत जाऊन काही आणताही येत नाही.” सरळ प्रश्न होता. पण तो सगळ्यांसमोर विचारला गेला आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “तुझ्या आजोबाकडे काय ताडपत्री होती? रानातसून मेढी हाडल्यानी, झोपडी केल्यानी. रान काय आटला?”

मेढी म्हणजे झोपडीचे खांब. एवढं बोलून मी आधीच पुलावरून आणून ठेवलेल्या स्कूटरला किक मारली आणि कट्ट्याला गेलो; कट्टा याच काठाला, शीव ओलांडावी लागत नाही. तिथं एका दैनिकाचा वार्ताहर राहतो. त्याला प्लास्टिकमुक्त गावपळण दाखवायला आणायचं माझं आदल्या दिवशीच ठरलं होतं.

त्याला घेऊन परतलो तर मळा ओळखू येईना. दुपारी नुसता सामानाचा ढीग होता, तिथं आता झोपड्यांची रांग उभी होती. सरळसोट मेढी, वर वासे, त्यावर झावळ्या आणि फटींत हिरवा पाला कोंबलेला. सगळीकडे ताज्या कापलेल्या लाकडाचा वास. माझ्या बायकोनंही आमची झोपडी उभी करून घेतली होती. मी वार्ताहराचा हात धरून त्याला इकडून तिकडे फिरवला. एका झोपडीच्या दारात उभं राहून फोटो काढून घेतला. हात मेढीवर टेकवलेला. तो म्हणाला, दोन शब्द सांगा. मी दोन कुठले, दोनशे सांगितले. मेढी कुठून आल्या हे त्यानं विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

सकाळी बाय आली. दर गावपळणीला पहिल्या सकाळी ती माहेरच्या माणसांसाठी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांचं सांबार घेऊन येते. डोक्यावरची टोपली उतरवून ती आमच्या झोपडीत वाकून शिरली आणि चटईवर बसली. माझ्या बायकोला म्हणाली, “मगो, झोप लागली मां?” मग तिनं सवयीनं वर बघितलं, माणूस कोणाच्याही नव्या घरात गेल्यावर बघतो तसं. आणि ती बघतच राहिली.

मी तिच्या नजरेमागून वर बघितलं. वाशाच्या खालच्या टोकाला, गाठीशी, लाल चिंधी होती. पाऊस-उन्हात विटलेली, पण गाठ पक्की. शेजारच्या मेढीला हिरवी.

ती उठली आणि मेढीवर हात ठेवला. “ही किंजळ,” ती म्हणाली. “ही वळणावरची.” मग दुसरीवर हात ठेवला. मी बाहेर धावलो. शेजारची झोपडी बघितली, तिच्या शेजारची बघितली. जांभळीची पानं, ओवळीची पानं. माझ्याच दुकानामागे दुधाच्या पिशवीत पहिली दोन पानं फुटलेली मी ज्यांची बघितली होती, ती झाडं मेढी होऊन उभी होती. झोपडीला लागतं काय? सरळ, मनगटाएवढं, फार जुनं नाही असं लाकूड. म्हातारं झाड कोणी तोडत नाही. तोडतात ते नेमकं आपण लावून, जगवून, आता हे वाचलं म्हणून ज्याची काळजी सोडलेली असते ते झाड.

कंडक्टर चूल पेटवत बसले होते. मी त्यांच्यावर तुटून पडलो. सगळी वाडी गोळा झाली. त्यांनी डोळ्यांतला धूर पुसला आणि शांतपणे सांगितलं, “दुसऱ्याच्या रानाक हात लावचो नाय, ह्या आपणच सगळ्यांका सांगतो. म्हणान मी पोरांका आपली झाडां दाखयलंय.”

“आपली?”

“आपण लावलली. बायकडे विचारूक गेल्लो, ती बाजाराक गेलली. म्हटला, बाय काय परकी?”

माणूस चोरी करत नव्हता. आम्हीच शिकवलेला नियम पाळत होता, मनापासून. आम्हाला सोडून दुसऱ्या कोणाच्या डोक्यात असला विचार आला नसता. तरी मी ओरडतच राहिलो. बोल लावायला मला कोणीतरी हवं होतं, आणि ते वयानं मोठे, गरीब स्वभावाचे, समोर होते. शेवटी बाय बाहेर आली. “आरडू नको,” ती म्हणाली. “देवाचे दिवस आसत. आंबोळ्ये थंड होतत.” तिनं सगळ्यांना वाढलं. कंडक्टरांना आधी वाढलं. मग रिकामी टोपली काखेत धरून ती निघून गेली, आणि जाताना नदीकडच्या वाटेनं न जाता वरच्या वाटेनं गेली.

त्यानंतर त्या झोपडीत मला राहावं लागलं. पळून जायला जागा नव्हती. गाव देवाचा, मागे फिरता येत नाही. पुढे जावं तर बायचं गाव. मी बायकोला म्हटलं, मी बाहेर उघड्यावर झोपतो. ती म्हणाली, “नाटकां करू नको. तू भायर झोपलस म्हणान झाडां परत उभी रवतली?” खरं होतं. मी चटईवर आडवा व्हायचो आणि तोंड दुसरीकडे करायचो. पाला सुकत होता. जेवताना भातात पानं पडायची. मुलांना त्याची गंमत वाटत होती. लोक येऊन पाठीवर थाप मारत होते, “काय मस्त वाटता रे, जुन्यासारख्या!” मी कानकोंडा होऊन हसत होतो. मला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त, कोणालाच वाटत नाही याचा राग येत होता. मग तो राग आपल्याला बरा वाटतोय हे ध्यानात येऊन पुन्हा लाज वाटायची.

पेपर आला. आतल्या पानावर फोटो, मेढीला टेकलेला मी, आणि निसर्गाशी नातं जपणारा गाव असं काहीतरी मथळ्यात. ज्यानं आणला त्यानं अख्ख्या मळ्यात वाचून दाखवला. मी उठलो आणि बायकडे गेलो. म्हटलं, पाय धरू, काय व्हायचं ते होऊ दे.

पडवीत दीर एकटाच होता. त्याच्याही हातात तोच पेपर. “येवा पावणे, बसा,” तो म्हणाला. मला वाटलं आता फोडून काढणार. काढलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. “नाव झाला तुमचा,” म्हणाला, आणि पेपर नीट घडी करून खुंटीवरच्या पिशवीत ठेवला. झाडांचा विषय त्यानं काढला नाही. मी काढायला गेलो तर म्हणाला, “जांव दे. गावपळणीचा काम, माणसां आपलीच.” बाय आत होती. ती बाहेर आली नाही. मी थोडा वेळ अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत बसलो आणि परत आलो.

चौथ्या दिवशी कौल झाला, ढोल वाजले, गाव घरी गेला. झोपड्या मोडल्या, मेढी जळणाला गेल्या. आमच्या गटात या विषयावर बोलणं झालं नाही असं नाही. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, आपण जाऊन माफी मागू. पोरं म्हणाली, बुंधे आहेत, फुटतील. पुढच्या रविवारपासून कंडक्टर येईनासे झाले. पेपरातलं वाचून दोन गावांतून आम्हाला बोलावणी आली, प्लास्टिकमुक्तीवर बोला म्हणून. मी दुकानात काम आहे असं सांगून टाळलं.

पोरांचं म्हणणं खोटं नव्हतं. शिमग्याच्या सुमारास मी चोरासारखा बायच्या काठावर गेलो तर किंजळीच्या बुंध्यांना धुमारे आले होते. तांबूस, कोवळे, एकेका बुंध्याला चार-चार. राखलं असतं तर काही वर्षांत पुन्हा रान झालं असतं. मला इतका आनंद झाला की मी एकटाच मोठ्यानं हसलो.

चैत्रात बायचा फोन आला. “सांजेक ये. हे इलेहत. काठाचो विषय निघतलो.” एवढंच. पण मला कळलं. भावोजी गोव्याहून आले होते, दिरानं काजूची गोष्ट पुन्हा काढली होती आणि घरात काय ते ठरणार होतं. बायच्या शब्दाला आता घरात वजन उरलं नव्हतं. तिच्या माहेरच्यांनीच तो मोडला होता. तिला मी हवा होतो. वाटेत स्कूटरवर मी सगळं जुळवलं. बुंधे जिवंत आहेत, मुळं अजून माती धरून आहेत. मुळं उपटली तर पुराला वाट मोकळी होईल. चूक आमची झाली, पट्टीची नव्हे. चांगलं जमलं होतं. मोठ्यानं म्हणूनही बघितलं.

पडवीत सगळे बसले होते. बाय स्वयंपाकघराच्या दारात, पदराला हात पुसत उभी. दिरानं आपलं म्हणणं थोडक्यात सांगितलं, जेसीबी कधी मिळेल ते सांगितलं, आणि मग तो माझ्याकडे वळला. “पावणे, तुमचा काय म्हणणा? तुमी झाडवाले.” त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. सरळ विचारत होता.

मी तोंड उघडलं. आणि मला पेपरातला फोटो दिसला, मेढीवर टेकवलेला माझाच हात दिसला. या घरात बसून आता मी रान राखा म्हणणार? मान वर होईना. मी म्हटलं, “जमीन तुमची. तुमी ठरवशात ता.”

माझं बोलणं संपलं नसेल असं समजून दीर थांबला. मला आजही वाटतं, त्याला वाद हवा होता. पुरात बांध राहिलेला त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. कोणी दोन शब्द जोरानं बोललं असतं तर तो बहुधा मागे सरला असता. त्यानं भावोजींकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “मगे ठरला.” दारात बघितलं तर बाय नव्हती.

निघताना ती अंगणाच्या कडेला भेटली. म्हणाली, “मी त्येंका सांगितलेलंय, माझो भाव येतलो, तो काय ता सांगतलो.”

“बाय,” मी म्हटलं, “खंयच्या तोंडान सांगू?”

“तुझा तोंड मरू दे रे,” ती म्हणाली. “काठ माझो होतो.”

ती आवाज न चढवता बोलली आणि गाईला पेंढा घालायला गेली. मी स्कूटर सुरू न करता बरंच अंतर नुसती ढकलत नेली. इतके महिने मी माझी लाज जपत बसलो होतो, कोणाला दिसणार नाही, कोणी बोलणार नाही, असं बघत. त्या जपण्यात ज्या माणसाला माझी गरज होती त्याच माणसाला मी सोडलं. झाडं कंडक्टरांनी दाखवली होती, पोरांनी तोडली होती. काठ मात्र मी घालवला, तोंड मिटून, चहा पिऊन.

मे महिन्यात जेसीबी फिरला. पाऊस लागून जमीन मऊ झाल्यावर बायचा पुन्हा फोन. “कलमां लावूची आसत. माणसां गावनत नाय. येशीत?” मी नाही म्हणू शकलो नाही. दुकान बंद ठेवून गेलो. पट्टी उघडी, लाल, सपाट झाली होती आणि तिथून नदी पहिल्यांदाच सरळ दिसत होती. दोन मजूर बाया होत्या, दीर होता. मी पहार घेतली आणि खड्डे मारू लागलो. खड्डा मारणं मला येतं. वरची माती वेगळी ठेवायची, तळाशी पालापाचोळा घालायचा, कलमाची जोडणी जमिनीच्या वर राहील असं बसवायचं, सगळं हातांना पाठ होतं. दुपारपर्यंत माझ्या ओळी सगळ्यांच्या पुढे गेल्या. दीर येऊन बघून गेला आणि म्हणाला, “खड्डो बरो मारतात हां पावणे.”

बाय चहाची किटली घेऊन आली. मजूर बायांपैकी एक नवीन होती, लांबच्या वाडीतली. तिनं माझ्याकडे बोट करून विचारलं, ह्यो कोण गो?

“हो माझो भाव,” बाय म्हणाली. “झाडां लावूच्या कामात ह्येचो हात कोण धरूचो नाय.”

मी मान खाली घालून कलमाभोवती माती दाबत राहिलो. तिच्या आवाजात टोमणा शोधत होतो. तो नव्हता.